भुकेचं गवत

लॉर्ना बुशार या बाईंचं पत्र आलं त्याला आता तीन वर्षं होत आली होती, आणि कोलमन हेशनने अजून त्याला उत्तर पाठवलं नव्हतं.

लिहिलं मात्र पुष्कळ होतं. 'आपलं पत्र वाचून आनंद झाला' असं एकदा लिहिलं, आणि आनंद हा शब्द बघून त्याचं त्यालाच कसंतरी झालं. 'उत्तराला उशीर झाला, क्षमस्व' असं लिहिलं तेव्हा उशीर पंधरवड्याचा होता. तोच कागद पुढे नाताळात हाती लागला, तेव्हा क्षमा फारच तोकडी वाटायला लागली. ती मोठी कशी करावी याचा विचार करण्यात आणखी एक वर्ष गेलं. तोवर पत्र नकाशांच्या एका जाडजूड पुस्तकात, कॅनडाच्या पानावर, चपटं होऊन पडलं होतं.

पत्र कॅनडाहून या आयरिश गावी आलं होतं, 'ग्रंथपाल, लिसकारा' या पत्त्यावर. कोलमनला निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली होती, पण नव्या मुलीने ते त्याच्याकडेच पाठवून दिलं. जुन्या गोष्टींचं पत्र म्हणजे कोलमनचं, असा गावात समज होता.

बाईंनी लिहिलं होतं: "माझी पणजी ऑनर मॅनियन लिसकाऱ्याची. भुकेच्या वर्षी, १८४७ साली, शेजाऱ्यांनी तिला जहाजावर चढवलं, तेव्हा ती लहान होती. तिची आई सबिना, धाकटी बहीण ऊना आणि एक तान्हा भाऊ मागे राहिले. म्हणजे ती निघायच्या आधीच गेले होते. जमीनदाराच्या माणसांनी घराचं छप्पर पाडलं, तेव्हा दार तेवढं शाबूत राहिलं होतं. त्याच दारावर ठेवून शेजाऱ्याने तिघांना वरच्या शेतात नेलं, दगडी गडग्याखाली, पांढऱ्या फुलांच्या काटेरी झाडापाशी, असं ती माझ्या आजीला सांगायची. मी ऐंशीची आहे. मला कोणाला दोष द्यायचा नाही. दरवर्षी मी त्यांच्या नावाने मेणबत्ती लावते, तेव्हा डोळ्यांसमोर कुठली जागा आणायची एवढंच कळलं तर बरं होईल. रिकाम्या जागेचा विचार करणं फार अवघड जातं."

जागा कोलमनला माहीत होती. पत्राचा पहिला परिच्छेद संपायच्या आतच ती त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती.

हेशनांच्या घरामागे चढावर जे शेत आहे, त्याला घरात सगळे 'मॅनियनचं शेत' म्हणत. कोलमनने जन्मभर ते नाव घेतलं. मॅनियन कोण, हे कधी विचारलं नाही. नदीचं नाव नदीला का पडलं हे कोण विचारतं? शेताच्या वरच्या कोपऱ्यात गडग्याखाली काटेरी झाड होतं, आणि झाडाभोवती खाटेएवढ्या दोन जागा मावतील इतकी जमीन कधीच नांगरली जात नसे. कोलमनचे वडील बिशपसमोरही टोपी काढताना कुरकुर करणारे. पण तिथे आले की घोडा थांबवत, नांगर उचलून घेत आणि टोपी काढत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "भल्या माणसांची जागा आहे." भली माणसं म्हणजे ती, ज्यांचं खरं नाव घेतलेलं त्यांना आवडत नाही; जमिनीखाली राहणारी, झाड तोडणाऱ्याचं वाटोळं करणारी. पोरांना धाक घालायला तेवढं पुरे होतं.

आई मात्र भल्या माणसांचं नाव काढत नसे. ती म्हणे, "तिथलं गवत भुकेचं आहे." त्या गवतावर पाय पडला की भरल्या पोटीसुद्धा अशी भूक उसळते, की माणूस जागच्या जागी कोसळतो, खिशात पावाचा तुकडा असला तर वाचतो. म्हणून त्या बाजूला जाताना ती प्रत्येकाच्या खिशात पाव कोंबायची. कोलमनच्या कोटाच्या उजव्या खिशाला अजूनही पावाचा चुरा लागलेला असे. इतकी पुस्तकं वाचलेला माणूस, पण तो तुकडा काही त्याने सोडला नव्हता.

आणि पुस्तकं तरी कसली वाचलेली! ग्रंथालयात खिडकीजवळचं एक कपाट त्याने स्वतः लावलं होतं. आर्मेनियन लोकांना वाळवंटात हाकून मारलं ती पुस्तकं, पोलंडमधल्या ज्यूंची, रवांडाची, बोस्नियाची. गावात ती फारशी कोणी नेत नसे. कोलमनने मात्र सगळी वाचली. ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघोट्या मारणाऱ्यांवर तो एरवी चिडायचा. पण एका पुस्तकात, प्रेतं पुरलेल्या खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारे लोक 'आम्हाला काही ठाऊक नव्हतं' म्हणतात त्या पानावर, त्याने स्वतः पेन्सिलीने समासात लिहिलं होतं: 'शेजाऱ्यांना कळलं नाही असं कसं होईल?' निवृत्त होताना ते पुस्तक तो विकत घेऊन घरी घेऊन आला. समासातलं अक्षर ओळखीचं होतं म्हणून.

पत्राला उत्तर न देण्याचं एक कारण त्याचा स्वभाव होता. दुसरं कारण होतं फर्गल.

फर्गल त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर जमीन फर्गलकडे आली. घर आधीपासून कोलमनच्या नावावर होतं. लग्न झाल्यापासून फर्गल आणि त्याची बायको ग्रॉन्या अंगणापलीकडे चाकांवरच्या एका जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये राहत होते. शहरात भाड्याने घर मिळत नव्हतं, मिळालं तर परवडत नव्हतं. शेवटी मॅनियनच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात घर बांधायची परवानगी कौन्सिलने दिली. बाकीची जमीन पाणथळ; कोरडी जागा काय ती तेवढीच. घराचा नकाशा फर्गलने पहिल्यांदा कोलमनच्याच टेबलावर पसरला होता. पत्र तेव्हा त्याच टेबलावर, नकाशांच्या पुस्तकात होतं. कोलमनने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "खिडक्या छान आहेत."

त्यानंतर ग्रॉन्याला दिवस गेले.

*

त्याच सुमारास गावात स्मृतिशिलेची टूम निघाली. कमिटीच्या अध्यक्ष असम्प्टा कीव्हनी. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कोलमनच्या वर्गातल्या. चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि केक घेऊन बैठक बसली.

"'दुष्काळात मरण पावलेल्यांच्या' असं मी लिहू देणार नाही," असम्प्टा म्हणाली. "दुष्काळ कसला? बटाटा कुजला. ओट कुजला होता का? लोणी कुजलं होतं? डुकरं कुजली होती? गाड्याच्या गाड्या बंदराला जात होत्या, बाजूने बंदुका घेऊन इंग्रज शिपाई. रस्त्याच्या कडेला माणसं गवत खात होती."

"मग काय, 'मारलेल्यांच्या' लिहायचं?" पबवाला टॉमस लॅव्हेल म्हणाला. "बाई, पर्यटक निम्मे इंग्रजच येतात. माझ्याकडे जेवायला बसतात."

"बसू देत की. जेवता जेवता वाचू देत."

"घास अडकेल ना घशात!"

"मग तुझी बिअर जास्त खपेल, टॉमस."

सगळे हसले. असम्प्टा कोलमनकडे वळली. "तू लिही. तू वाचलेला माणूस. काय लिहायचं?"

"मला जरा विचार करावा लागेल."

"तुझा विचार पुरा होईस्तोवर आपण सगळे त्या दगडाखाली जाऊ, कोलमन!"

दगड बसणार होता, निराधारांना राबवून घेत त्या जुन्या गरीबखान्याच्या भिंतीशी. तिथे कोणाला पुरलेलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बस वळायला जागा तिथेच होती. कोलमनने चहाचा कप खाली ठेवला आणि हळूच म्हटलं, "नावं घालायची का?"

"कोणाची नावं? नावं आहेत कुठे?"

सबिना. ऊना. नावं त्याच्या जिभेवर आली होती. पण टॉमसने केकची बशी पुढे केली आणि तो "नको, नको" म्हणत बसला. शब्द शेवटी असम्प्टानेच लिहिले.

*

शिलेचं अनावरण रविवारी होतं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी फर्गल दारात आला.

"चला काका, सोमवारी जेसीबी येतोय. त्याआधी तुमचं घर बघून घ्या."

"माझं?"

"आमचं हो. पण तुमची खुर्ची खिडकीशी ठेवायची असं ग्रॉन्याने ठरवून टाकलंय."

दोघे चढ चढून गेले. शेतात खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या होत्या. कोलमनचा हात कोटाच्या खिशात गेला. सकाळचा पावाचा तुकडा तिथे होता. फर्गल दोऱ्यांवरून उड्या मारत खोल्या दाखवत होता.

"हे स्वयंपाकघर. सकाळचं ऊन सरळ टेबलावर येणार."

"आलं तर."

"आलं तर म्हणा. आपल्याकडे ऊन म्हणजे बिशपसारखं. वर्षातून एकदा येणार, पण घर आवरून ठेवायला लागतं." तो हसत हसत वरच्या कोपऱ्याकडे गेला. "आणि ही बाळाची खोली."

दोरी काटेरी झाडाच्या बुंध्याला चिकटून पलीकडे गेली होती. न नांगरलेली जमीन सगळी दोरीच्या आत होती.

"झाड?" कोलमनने विचारलं.

"जाईल."

"फर्गल, झाड तोडू नये असं तुझे आजोबा..."

"झालं! काका, आता भल्या माणसांची गोष्ट नका काढू. कौन्सिलचा नकाशा मी नीट बघितलाय. भली माणसं त्यात कुठे दाखवलेली नाहीत." तो त्या न नांगरलेल्या गवतात जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी हवेत धुराडं काढून दाखवायला लागला. "धूर असा इथून वर..." बोलता बोलता त्याचा एक हात जाकिटाच्या खिशात गेला, बेकरीतला छोटा पाव बाहेर आला, त्याने एक घास तोडला आणि चावत चावत पुढे बोलू लागला.

कोलमन बघत राहिला.

"भूक लागली?"

"नाही तर. आत्ताच खाऊन निघालो." फर्गलने हातातल्या पावाकडे पाहिलं. "सवय आहे ही. शाळेला इथूनच जायचो ना. आई म्हणायची, मॅनियनच्या शेतातून जाताना खिसा रिकामा ठेवू नकोस." तो हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "अजून बेकरीत एक जास्तीचा घेतो बघा. कधी लक्षातच आलं नाही."

कोलमनने आपल्या खिशातून हात काढला. तुकडा तळहातावर होता.

वाऱ्याने दोऱ्या हलत होत्या. फर्गल हळूच मागे सरकत दोरीच्या बाहेर आला.

"काका, इथे काय आहे?" आणि मग, आवाज खाली आणून, "कोण आहे इथे?"

कोलमनला सांगता येईना. त्याने सुरुवात केली ती जहाजापासून. मग ग्रंथालयातल्या मुलीवर गेला, मग त्या वर्षी तापाची साथ कशी होती त्यावर. फर्गल ओरडला, "सरळ सांगा ना एकदा!" तेव्हा त्याने सरळ सांगितलं. आई, मुलगी, तान्हं मूल. दारावर ठेवून आणली.

"कधीपासून माहीत आहे?"

"पत्र आलं तेव्हापासून."

"म्हणजे मी नकाशा आणला तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, खिडक्या छान आहेत."

"खात्री नव्हती रे. अजूनही पुरावा म्हणावा असा..."

"पुरावा? तुमच्या खिशात पाव आहे, काका!"

फर्गल दोन्ही हात डोक्यावर ठेवून गडग्यापर्यंत गेला आणि परत आला.

"कोणी आणलं त्यांना वर? तो शेजारी कोण?"

"माझे पणजोबा असणार. दुसरं शेजारी घर नव्हतंच. तापाच्या भीतीने गल्लीत कोणी पाऊल टाकत नव्हतं, तेव्हा त्यांनी आणलं."

"आणि शेत आपल्याकडे कसं आलं?"

"पुढच्या वसंतात जमीनदाराच्या कारभाऱ्याने त्यांच्या नावावर केलं. मॅनियन कोणी उरलेच नव्हते." कोलमनने घसा साफ केला. "दोन्ही खरं आहे. मधलं काय झालं ते आपल्या घरात कोणी सांगितलं नाही."

"गाव सांगेल ना! टॉमसच्या पणजोबाने भुकेच्या वर्षी सुपाच्या वाटीसाठी धर्म बदलला, हे अजून त्याच्याच पबात बसून, त्याचीच बिअर पिऊन सांगतात. ते आपल्याला सोडतील? मेलेल्यांची जमीन खाणारे हेशन! माझं पोर शाळेत जाईल तेव्हा त्याला ऐकवतील." त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही तोंड उघडलंत तर परवानगी गेली. ते पुरातत्त्ववाले ब्रश घेऊन येऊन वर्षानुवर्षं बसतील. आणि नाही उघडलंत तरी मी आता इथे फावडं मारू शकत नाही. तीन वर्षं गप्प बसायला जमलं, आणखी तीन दिवस जमलं नसतं?"

हातातला पाव फेकायला त्याने हात उचलला. फेकला नाही. खिशात ठेवला आणि उतरणीला लागला.

*

शनिवारी दुपारी ग्रॉन्या आली. दारातच थांबली, कारण खुर्च्यांवर पुस्तकं होती.

"बसायला कुठे जागा आहे का, काका?"

कोलमनने घाईघाईने एक खुर्ची रिकामी केली. ती सावकाश बसली. तिला सातवा महिना होता.

"फर्गल बोलत नाही. जेवला नाही. मी विचारलं तर पत्राचं आणि त्या तिघांचं तेवढं सांगितलं, पुढचं म्हणाला, काकांना विचार. म्हणून आले." ती त्याच्याकडे बघत होती. "खरं तुम्ही बोलायचं आणि किंमत आम्ही मोजायची, असं आहे ना?"

"मी अजून बाहेर कोणाला काही बोललो नाही."

"तेच तर म्हणते. तुम्ही बोलला नाहीत, त्याचीही आम्हीच मोजली."

तिने पत्र मागितलं. कोलमनने नकाशांचं पुस्तक उघडून दिलं. ती एकदा वाचून परत पहिल्यापासून वाचायला लागली.

"तान्ह्याचं नाव नाही दिलं."

"आठवत नसेल त्या मुलीला. लहान होती."

ग्रॉन्या पत्राची घडी घालायला लागली. घडी जुन्या रेघेवर पडेना. "त्या खोलीत मी आता बाळाला निजवू शकणार नाही. पण कॅरॅव्हॅनमध्येही नाही निजवणार. गेल्या जानेवारीत आतल्या बाजूने बर्फ धरलं होतं भिंतीला. मग कुठे निजवू, तुम्ही सांगा. तुम्ही इतकं वाचलंय."

कोलमनने मान वर केली. खिडकीतून कॅरॅव्हॅन दिसत होती. संध्याकाळी वाचताना तिचा दिवा त्याला नेहमी दिसायचा. तो दिवा लागला की आपला लावायचा, अशी त्याला सवयच होती. या बाजूला चार खोल्या, एक माणूस, आणि बाकी सगळी पुस्तकं. शेजाऱ्यांना कळलं नाही असं कसं होईल, हे त्याने ज्या पुस्तकात लिहिलं होतं, ते याच खिडकीत पडलेलं असायचं. त्याने किंमत म्हणजे काय याचा पुष्कळ विचार केला होता, पण ती आपल्या घरात कुठे ठेवलेली असेल असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

"इथे," तो म्हणाला.

"इथे कुठे?" ग्रॉन्याने शेजारच्या खुर्चीवरचं वरचं पुस्तक उचलून बघितलं. "इथे तर रवांडा बसलंय."

"मी हलवतो. मला मागची छोटी खोली पुरे. बाकीचं घर तुमच्या नावावर करून देतो. मघाशी सुचलं असं नाही... म्हणजे मघाशीच सुचलं. आधी सुचायला हवं होतं."

"तुम्हाला माणसं सोसतात का घरात?"

"माहीत नाही."

"बाळ रडेल."

"रडू दे."

ती उठली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. जाताना रवांडाचं पुस्तक तिने जिथल्या तिथे ठेवलं, मग काय वाटलं कोण जाणे, ते उचलून खुर्चीवरून जमिनीवर ठेवलं.

रात्री जेवणाच्या सुमाराला फर्गल खिडकीपाशी आला, आत आला नाही. "आम्ही दया मागितली नव्हती," एवढं म्हणाला आणि गेला.

*

रविवारी गरीबखान्याच्या भिंतीशी बरीच गर्दी जमली. दोन बस वळल्या. फादरनी प्रार्थना म्हटली, शाळेच्या मुलांनी बासरी वाजवली, असम्प्टाने शिलेवरचं कापड ओढलं. 'अन्न असताना ज्यांना उपाशी मरू दिलं त्यांच्यासाठी,' असं लिहिलं होतं. टॉमसचाही त्याला आक्षेप उरला नव्हता. अक्षरं सुरेख होती.

लोक चहाला पांगल्यावर असम्प्टा कोलमनजवळ आली. "कसं वाटलं? खरं सांग. तुझ्या तोंडून एक वाक्य निघालं तरी मी आज मेणबत्ती लावीन."

"चांगलं लिहिलंस," कोलमन म्हणाला. आणि मग, आपण बोलतोय हे कळायच्या आत, "पण ते इथे नाहीत, असम्प्टा."

"ते मला माहीत आहे रे. कुठे आहेत हे आता कोणाला ठाऊक आहे?"

"तिघांचं मला ठाऊक आहे. आमच्या शेतात आहेत."

कोणत्या शेतात, असं असम्प्टाने विचारलं नाही. ती हातातलं कापड गुंडाळत होती, गुंडाळायची थांबली.

"मॅनियनच्या," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"नाही. माहीत नव्हतं." तिने रस्त्याकडे पाहिलं. "आई मला त्या बाजूने पाव घेतल्याशिवाय जाऊ देत नसे. आमच्या आळीतल्या कोणालाच. मी पुढे शाळेत मुलांना सांगायची, काय हा खुळचटपणा म्हणून. पण सहलीला त्या वाटेने नेताना डबे आधी उघडू द्यायची नाही. तो चढ संपल्यावरच. तोवर प्रत्येकाकडे काहीतरी असलंच पाहिजे." तिने त्याच्या कोटाच्या खिशाकडे पाहिलं. "अख्ख्या गावाच्या खिशात होतं ते, कोलमन."

तिचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत तिच्या डोळ्यांत पाणी त्याने पाहिलं नव्हतं, आणि अशा वेळी काय करायचं असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो तिच्या हातातल्या कापडाचं दुसरं टोक धरून उभा राहिला. दोघांनी मिळून त्याची घडी घातली.

*

सोमवारी सकाळी तो टेबलाशी बसला आणि क्षमेच्या भानगडीत न पडता लिहायला लागला.

"लॉर्नाबाई, तुमच्या पणजीने सांगितलेली जागा बरोबर आहे. आमच्या घरामागच्या चढावर वरच्या कोपऱ्यात गडगा आहे. झाड अजून आहे. मे महिन्यात पांढरं फुलतं. तिथे उभं राहिलं की पश्चिमेला तळं दिसतं, आणि वारा बहुतेक तिकडूनच येतो. सबिना, ऊना आणि तान्हा मुलगा तिथे आहेत. ती जमीन कोणी नांगरलेली नाही. का नांगरायची नाही हे आम्ही विसरलो होतो, किंवा विसरल्यासारखं केलं होतं. माझ्या पणजोबांनी तिघांना तुमच्याच घराच्या दारावर ठेवून वर नेलं. पुढच्या वर्षी ते शेत त्यांनी घेतलं. शेताला आम्ही अजून मॅनियनचंच शेत म्हणतो. हे मी कौन्सिललाही कळवतो आहे. तुम्ही आलात, किंवा तुमचं कोणी आलं, तर घरात जागा आहे. येताना खिशात थोडा पाव ठेवा. कारण इथे आल्यावर सांगेन."

सही करून त्याने पाकिटावर पत्ता घातला. ऐंशीत तीन मिळवले आणि तो थबकला. मग नावाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'अथवा त्यांच्या घरी जे कोणी असेल त्यांना.'

कोट घालून तो निघाला. शेताच्या फाटकाशी पिवळा जेसीबी उभा होता, इंजिन बंद. फर्गल चालकाशी बोलत होता. कोलमनला पाहून तो थांबला, पण त्याच्याकडे आला नाही. कोलमनच पुढे गेला.

"पत्र?" फर्गलने विचारलं.

"हो."

"आपल्या माणसाचं लिहिलंय त्यात?"

"लिहिलंय. वर नेलं तेही, शेत घेतलं तेही."

"आधी काय लिहिलंय?"

"वर नेलं ते आधी."

फर्गल जमिनीकडे बघत राहिला. "आणि उलट असेल तर? आधी शेत कबूल करून घेतलं असेल, आणि मग नेलं असेल तर?"

ही शंका कोलमनला पहाटेपासून चार वेळा आली होती. "मग मी चुकीचं लिहिलं असेन," तो म्हणाला. "मला ते माहीत नाही, फर्गल."

चालकाने विचारलं, "साहेब, मग आज खणायचं की नाही?"

फर्गलने फाटकाची कडी लावली आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. वर शेतात खुंट्या तशाच होत्या, दोऱ्याही. कॅरॅव्हॅनच्या दारात ग्रॉन्या उभी होती. तिच्या हातात पुस्तकं भरायला पुरेसा मोठा पुठ्ठ्याचा खोका होता. तिने तो अजून उघडला नव्हता.

कोलमन रस्त्याला लागला. टपालपेटी वळणावर, दगडी भिंतीत बसवलेली. तिला दरवर्षी हिरवा रंग देतात, पण त्याखाली भुकेच्या वर्षांतल्या इंग्रज राणीचा मुकुट अजून बोटाला लागतो. कोलमनने पाकीट फटीत अर्धं घातलं आणि तसंच धरून ठेवलं. आतल्या एखाद्या वाक्यात काही चुकलं असेल, असं त्याला वाटलं. नक्कीच चुकलं असेल. मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. जेसीबी वर चालला होता की परत निघाला होता, ते वळणामुळे दिसत नव्हतं.

त्याने मागे न बघता पाकीट सोडलं. ते आत तळाशी पडल्याचा आवाज आला.